कोकणातली बेगमी पाठीवर: परदेशात स्वस्तात रांधून पोटभर कसं जेवायचं

विमानाचं तिकीट आणि व्हिसा यांचा खर्च आधी कळतो, एकदाच होतो. पाठपिशवी घेऊन फिरणाऱ्याचं बजेट कोलमडतं ते रोजच्या खाण्यावर. आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या पोरापोरींचे दोन प्रकार दिसतात. एक तिन्ही वेळा बाहेर खातो आणि निम्म्या प्रवासात घरी फोन करतो. दुसरा नूडल्सची पाकिटं भरून नेतो, महिनाभर तीच खातो आणि पोट बिघडवून परत येतो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाने यातलं काहीही करायची गरज नाही. आपलं स्वयंपाकघर मुळातच बेगमीचं आहे. पावसाचे चार महिने, त्यात जून-जुलैत मासेमारी बंद, भाजी महाग, सरपण ओलं. अशा दिवसांसाठी मे महिन्यात जे भाजून, दळून, वाळवून डब्यात भरलं जातं, ते वजनाला हलकं असतं, लवकर शिजतं आणि फ्रिजशिवाय टिकतं. पाठीवर नेण्याच्या अन्नाकडून यापेक्षा वेगळं काय हवं असतं?

माझी पद्धत साधी आहे. सकाळी पिशवीतलं, दुपारी बाहेरचं, रात्री स्वतः रांधलेलं. तांदूळ, कांदा, लसूण, भाजी, मासे, अंडी तिथे विकत घ्यायची. घरून न्यायचं ते फक्त तिथे न मिळणारं: आंबटपणा, मसाला, फोडणी आणि भाजलेली पिठं. दुपारचं जेवण मात्र त्या गावचंच. परक्या देशात जाऊन महिनाभर मेतकूट-भातच खाणार असाल, तर निम्मा देश बघायचा राहिला असं मी म्हणेन.

आधी देश बघा, मग पिशवी भरा

प्रत्येक ठिकाणी रांधणं स्वस्त पडत नाही, आणि इथे बरेच जण फसतात. थायलंड, व्हिएतनाम, मलेशिया, श्रीलंका, नेपाळ इथे रस्त्यावरचं किंवा खानावळीतलं जेवण इतकं स्वस्त असतं की एका माणसासाठी कांदा, तेल, भाजी, गॅस यांची जुळवाजुळव त्याहून महाग पडते. तिथल्या बऱ्याच होस्टेलांत धड स्वयंपाकघरही नसतं. या देशांत जाणाऱ्याने पिशवीत नाश्त्यापुरतं सामान आणि पोट बिघडल्यावर लागेल ते ठेवावं, बाकी जागा कपड्यांना द्यावी.

पश्चिम युरोप, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे गणित उलटं आहे. बाहेरच्या जेवणात माणसाच्या मजुरीचे पैसे असतात आणि मजुरी महाग. सुपरमार्केटमधला तांदूळ, डाळ, अंडी, दूध, गोठवलेली भाजी मात्र आवाक्यात असते. इथे रात्रीचं जेवण रांधलं की मोठा फरक पडतो.

होस्टेल बुक करताना ‘स्वयंपाकघर आहे’ एवढ्या ओळीवर विश्वास ठेवू नका. फोटो उघडून बघा. शेगडी दिसते का, की नुसता मायक्रोवेव्ह आणि केटल? रात्री किती वाजता कुलूप लागतं? भांडी आहेत का? चार पैसे जास्त देऊन धड शेगडीवालं होस्टेल घेतलं तर ते पैसे पहिल्या दोन-तीन जेवणांत वसूल होतात.

डब्यात काय भरायचं

एका माणसाला महिनाभर पुरेल असं सामान साधारण दोन किलोत बसतं:

कुळथाचं पीठ अर्धा किलो
पातळ पोहे अर्धा किलो
नाचणीचं सत्त्व ३०० ग्रॅम
मेतकूट २०० ग्रॅम
मालवणी मसाला १५० ग्रॅम
आमसुलं १०० ग्रॅम
कोरडी फोडणी १०० ग्रॅम
हळद, हिंग, मूठभर तिरफळं (माशाच्या कालवणात घालायचं मसाल्याचं फळ)

कुळथाचं पीठ या यादीत सगळ्यात वर आहे ते मुद्दाम. एका माणसाच्या पिठीला, म्हणजे कुळथाच्या पातळ पिठल्याला, दोन टेबलस्पून पीठ पुरतं, म्हणजे अर्ध्या किलोत वीस-पंचवीस वेळा जेवण होतं. प्रथिनं भरपूर, शिजायला दहा मिनिटं. डाळ शिजवायला कुकर लागतो, पिठीला लागत नाही. कुळीथ आधी नीट भाजून मगच दळलेलं असावं. कच्च्या कुळथाचं पीठ उग्र लागतं आणि टिकतही नाही. बचत गटाकडून घेणार असाल तर पाकीट उघडून वास घ्या, खमंग आला पाहिजे.

कोरडी फोडणी घरी करून न्या, आणि ती का न्यायची हेही समजून घ्या. परदेशातल्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात छताला धूर ओळखणारी घंटी असते. कडकडीत तेलात मोहरी, हिंग, मिरची टाकली की आपल्याला वास येतो आणि तिला आग लागल्यासारखं वाटतं. रात्री नऊ वाजता अख्खी इमारत रस्त्यावर येते, काही ठिकाणी दंडही बसतो. म्हणून धूर घरीच काढून टाकायचा. दोन चमचे तेलात मोहरी तडतडू द्यावी, मग जिरं, भरपूर कढीपत्ता, ठेचलेला लसूण, सुक्या मिरचीचे तुकडे घालावेत. आच अगदी मंद ठेवून कढीपत्ता हातात चुरा होईल इतका कुरकुरीत आणि लसूण बदामी, कोरडा होईपर्यंत परतावं. हळद-हिंग शेवटी. कागदावर पसरून पूर्ण गार करून बाटलीत भरावं. लसणात ओलावा राहिला तर बुरशी येते, म्हणून घाई नको. तिथे कोमट तेलात ही एक चमचा फोडणी टाकली की काम झालं. धूर नाही, ठसका नाही, शेजारी उभी असलेली कोरियन मुलगी खोकत बाहेर पळत नाही.

आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, बाटली नेऊ नका. सांडली तर कपड्यांवरचे लाल डाग जन्मात जात नाहीत. आमसुलं न्या, ती चेपून कुठेही बसतात. घरात जुनी, मीठ चांगलं मुरलेली आमसुलं असतील तर तीच घ्या.

सुकट, जवळा, सोडे या सुक्या मासळीचा मोह सगळ्यांनाच होतो. माझं मत स्पष्ट आहे, नेऊ नका. नियमांचा प्रश्न वेगळा, पण दहा जणांच्या सामायिक स्वयंपाकघरात आणि सहा जणांच्या खोलीत त्या वासाचा त्रास दुसऱ्यांना होतो. तिथे माशाचा दुसरा चांगला मार्ग आहे, तो पुढे सांगतो.

विमानतळावर काय अडतं

हा भाग नीट वाचा. इथली चूक पैशांतच मिटेल असं नाही.

खसखस. आपल्या मालवणी मसाल्यात बऱ्याच घरी खसखस पडते. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, कारण ती अफूच्या बोंडातली. खेड, चिपळूण, दापोलीकडची कितीतरी घरं आखातात नोकरीला आहेत, त्यांना हे माहीत असतं. पण युरोपला जाताना वाटेत दुबईला दोन दिवस उतरणाऱ्याच्या हे डोक्यात येत नाही. डंकावर मसाला करायला देतानाच खसखस वगळायला सांगा, आणि विकतचा मसाला असेल तर पाकिटावरची घटकांची यादी वाचा.

सुकं खोबरं. खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, हातातल्या पिशवीतही नाहीत आणि चेक-इनमध्येही नाहीत. त्यातल्या तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालाच्या वर्गात धरलं जातं. सामानाच्या तपासणीत बॅग उघडून वाट्या काढून ठेवतात. नारळाची गरज तिथे डब्यातल्या नारळाच्या दुधावर भागते.

दूध आणि मांस. भारतातून युरोपीय संघात किंवा ब्रिटनमध्ये जाताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. तूप, खवा, पेढे, चक्का घरीच ठेवा. मे महिन्यात नातेवाइकांसाठी हापूसची पेटी न्यायची असते, पण युरोपीय संघात ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन ही पाच फळं तेवढी त्यातून सुटली आहेत.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड सगळ्यात कडक. तिथला नियम सोपा करून सांगायचा तर खाण्याचं जे काही पिशवीत असेल ते फॉर्मवर जाहीर करायचं. जाहीर केलेली वस्तू चालली नाही तर ते काढून घेतात आणि तुम्हाला जाऊ देतात. लपवलेली सापडली तर न्यूझीलंडमध्ये जागेवर ४०० डॉलर दंड आहे, ऑस्ट्रेलियात तो हजारांत जाऊ शकतो. रुजू शकेल असं अख्खं कडधान्य किंवा बी त्यांना नको असतं. मध न्यूझीलंडला नेऊ नका. भाजून दळलेलं पीठ समजावून सांगायला त्या मानाने सोपं जातं. चप्पल-बुटांना, तंबूच्या खिळ्यांना लाल माती चिकटलेली असेल तर निघायच्या आधी धुऊन वाळवा, तीही तपासतात.

पिठं आणि मसाले चेक-इन बॅगेत टाका. मिरचीपूड, मसाला हातातल्या पिशवीत अडवतात. पिशवीत नाव नसलेली पांढरी-तपकिरी पूड दिसली की कोणताही अधिकारी थांबवणारच, त्यात त्याची चूक नाही. प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत पदार्थाचं नाव, घटक आणि भरल्याची तारीख लिहा. शक्य असेल तिथे छापील वेष्टनातलं विकतचं घ्या. फक्त हातातल्या पिशवीवर जाणार असाल, तर दोघातिघांत मिळून एक चेक-इन बॅग घेणं परवडतं.

आणखी एक, देशोदेशीचे नियम बदलत असतात. निघायच्या आठवड्यात त्या देशाच्या कस्टम्सच्या सरकारी पानावर एकदा नजर टाका.

भांडी आणि वीज

सपाट बुडाचा, झाकणाचा, दीड लिटरचा स्टीलचा टोप. बस, एवढंच मोठं भांडं. तो इंडक्शनवर चालणारा हवा, कारण युरोपातल्या आणि जपानमधल्या बऱ्याच शेगड्या इंडक्शनच्या असतात आणि त्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं तापतच नाही. घरातला टोप चालेल का ते बघायला त्याच्या बुडाला लोहचुंबक लावा, घट्ट चिकटला की चालेल. होस्टेलमध्ये भांडी असली तरी स्वतःचा टोप असावा. त्यातच सामान भरता येतं, आणि मांसाहार चालत नसेल त्याचा प्रश्नही सुटतो. सोबत एक चमचा, एक घट्ट झाकणाचा डबा, एक पंचा आणि लहान सुरी. सुरी चेक-इनमध्येच.

छोटा इलेक्ट्रिक कुकर न्यायचा विचार असेल तर आधी व्होल्टेज बघा. आपल्याकडे २३० व्होल्ट, युरोपात जवळपास तेवढेच. जपानमध्ये १००, अमेरिकेत १२०. २३० व्होल्टचा कुकर १०० व्होल्टवर लावला तर जेमतेम पाचवा हिस्सा उष्णता मिळते, भात भिजेल पण शिजणार नाही. शिवाय खोलीत असं काही लावायला बहुतेक होस्टेलांत मनाई असते.

तंबूत राहणाऱ्यांसाठी: गॅसचं डबडं कोणत्याही विमानात चालत नाही, ते तिथे पोचून विकत घ्यायचं. स्टोव्ह नेता येतो, पण त्याला इंधनाचा वास राहता कामा नये. फ्रान्समध्ये डबड्याची जोडणी बऱ्याचदा वेगळ्या प्रकारची असते, तेव्हा स्टोव्ह घेतानाच विचारा. उघड्यावर चूल पेटवायच्या आधी तिथला नियम शोधा. नॉर्वेत १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलालगत आग पेटवायला सर्वसाधारण बंदी असते. ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यात बंदीचे दिवस जाहीर होतात. त्याच ऑस्ट्रेलियात बऱ्याच सार्वजनिक बागांत विजेवर चालणारे फुकट बार्बेक्यू ठेवलेले असतात. अंडी, मासे, मक्याची कणसं भाजायला ते उत्तम. वापरल्यावर पुसून ठेवायचे.

तालीम आपल्याच किनाऱ्यावर

हे सामान घेऊन थेट परदेशात जाऊ नका. आधी तीन-चार दिवस कोकण किनाऱ्यावर वापरून बघा. गणपतीपुळ्याहून निघा, जयगडला या, फेरीबोटीने तवसाळला उतरा, हेदवी-वेळणेश्वर करत गुहागरला पोचा, पुढे धोपावे-दाभोळ फेरी घेऊन दापोलीकडे, आणि शेवट हर्णैला. एसटी आणि पाय एवढ्यावर हे जमतं. मुक्कामाला घरगुती खोली घ्या आणि मालकीणबाईंना विचारून एकाच शेगडीवर, त्या एकाच टोपात, रोज रात्री रांधा.

एका टोपात भात आधी की पिठी आधी, हे तिथे कळतं. पोह्याची पिशवी फुटते का, मसाल्याचं झाकण घट्ट बसतं का, एका वेळेला किती आमसुलं लागतात, हेही. हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावाच्या वेळी जाऊन उभे राहा. घेणारा कल्ला उचलून लाल आहे का बघतो, बोटाने दाबून मांस वर येतं का बघतो, डोळा फुगीर आहे का बघतो. ही परीक्षा जगातल्या कुठल्याही मासळीबाजारात तशीच चालते, भाषा येवो न येवो. किनाऱ्यावर सुरूच्या बनात मात्र चूल पेटवू नका. खाली पडलेल्या सुया पेट्रोलसारख्या पेटतात.

बाजार कधी आणि कसा

युरोपात लिडल आणि आल्डी ही स्वस्त सुपरमार्केटं बऱ्याच देशांत आहेत. आत शिरल्यावर डोळ्यांसमोरच्या फळीवर महाग माल असतो, स्वस्त माल खालच्या फळीवर. दुकानाच्या स्वतःच्या नावाचं पाकीट घ्या. किमतीच्या पट्टीवर बारीक अक्षरात किलोचा भाव दिलेला असतो, तुलना त्यावरून करा. लहान पाकीट दिसायला स्वस्त, किलोला महाग.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काही उघडी असतात, तिथे गर्दी आणि भाव दोन्ही जास्त. शनिवारी दुपारीच दोन दिवसांचं घेऊन ठेवा. तिथे पाण्याच्या, पेयाच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाकली की परत मिळते, म्हणून बाटली चेपू नका. पण मुळात पाणी विकत घ्यायलाच लागत नाही. पश्चिम युरोप, जपान, सिंगापूर, न्यूझीलंड इथलं नळाचं पाणी पिता येतं. रोममध्ये तर रस्तोरस्ती लोखंडी नळखांब आहेत, त्यांतून सतत थंड पाणी वाहत असतं. रोजचा एवढा खर्च नुसत्या एका बाटलीने वाचतो.

जपानमध्ये संध्याकाळ महत्त्वाची. सुपरमार्केट बंद व्हायच्या आधी काही तास मासे, सुशी, डबाबंद जेवण यांवर सवलतीच्या चिठ्ठ्या चिकटवत एक कर्मचारी फिरतो. आधी वीस-तीस टक्के, शेवटी निम्मी किंमत. त्या गल्लीत शांतपणे थांबायचं, त्याच्या हातातून ओढायचं नाही. शाकाहारी माणसाने जपानमध्ये एक लक्षात ठेवावं: भाजीच्या सुपातही बहुतेक वेळा सुक्या माशाचा अर्क असतो. आणि विकल्या न गेलेल्या अन्नाच्या पिशव्या कमी किमतीत देणारं ‘टू गुड टू गो’ हे ॲप युरोपातल्या बऱ्याच शहरांत चालतं. त्यातल्या बेकऱ्या बघा, सकाळच्या पावाची सोय होते.

आठवडी बाजारात शेवटच्या तासात जा. टोमॅटो, ढबू मिरची, केळी यांचे ढीग पडेल त्या भावाने काढतात.

होस्टेलात पोचल्यावर बाजाराला जायच्या आधी स्वयंपाकघरातली फुकट सामानाची फळी बघा. जाणारे लोक तेल, मीठ, साखर, पास्ता, अर्धा तांदूळ तिथे ठेवून जातात. फ्रिजमध्ये आपलं काही ठेवलं तर पिशवीवर नाव आणि निघायची तारीख लिहा. नाव नसलेली पिशवी सफाईच्या दिवशी कचऱ्यात जाते.

आता शेगडीपाशी

भात. आपल्याला कुकरची सवय, म्हणून पहिल्या दिवशी भात बिघडतो. एक वाटी तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा. दोन वाट्या पाणी, थोडं मीठ, टोप मोठ्या आचेवर. उकळी फुटली की आच अगदी कमी करून झाकण लावा आणि बारा मिनिटं उघडू नका. मग बंद करून दहा मिनिटं तसाच ठेवा. शेगडी काचेची किंवा तव्याच्या चकतीची असेल तर ती बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, तेव्हा दोन मिनिटं आधीच बंद करा. भात झाला की डब्यात काढा, तोच टोप पिठीला घ्या.

उरलेल्या भाताबद्दल एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. रात्रभर बाहेर ठेवलेला भात सकाळी खायची आपल्याकडे रीत आहे, प्रवासात ती पाळू नका. शिजल्यावरही तग धरणारे जंतू कोमट भातात वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. भात पसरून गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा.

कुळथाची पिठी, दोघांसाठी. चार टेबलस्पून पीठ तीन कप गार पाण्यात कालवा. गरम पाण्यात कालवलं तर गुठळ्या होतात. टोपात चमचाभर तेल कोमट करून कोरडी फोडणी घाला, हवा असेल तर आणखी ठेचलेला लसूण. अर्धा चमचा मसाला टाकून लगेच कालवलेलं पीठ ओता आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा, हात थांबला की बुडाला धरतं. उकळी आली की मीठ, तीन आमसुलं, मंद आचेवर सहा-सात मिनिटं. गार होताना ती घट्ट होत जाते, म्हणून शेगडीवर असताना थोडी पातळच दिसली पाहिजे. गोठवलेल्या पालकाचा एखादा गोळा त्यात टाकला तर वेगळी भाजी लागत नाही.

तारल्यांचं तिखलं. सुकटीचा पर्याय हाच. युरोपात कुठल्याही सुपरमार्केटमध्ये सार्डिनचे डबे मिळतात, साधारण १२० ग्रॅमचे, आणि ते मांसाच्या मानाने खूप स्वस्त असतात. सार्डिन म्हणजे आपल्या तारल्यांची जवळची भावंडं. डब्यातलं तेल टोपात ओता, त्यावरच ठेचलेला लसूण परता. दीड चमचा मालवणी मसाला, हळद, अर्धा कप पाणी, तीन आमसुलं, दोन तिरफळं ठेचून. पाच मिनिटं उकळा आणि मग चव बघून मीठ घाला, कारण डब्यातले मासे आधीच खारवलेले असतात. तारले सगळ्यात शेवटी ठेवायचे. चमचा घालायचा नाही, टोप धरून हलवायचा, दोन मिनिटांत उतरवायचा. मासा शिजलेलाच असतो, जास्त उकळला तर भुगा होतो. आच मंद आणि वर झाकण असलं की वासही फार पसरत नाही.

सोलकढी. चारशे मिलिलीटरचा नारळाच्या दुधाचा डबा जवळजवळ सगळीकडे मिळतो. घटकांत नारळाचं प्रमाण वाचा, साठ टक्क्यांच्या आसपास असेल तो घ्या. ‘लाइट’ लिहिलेला पाणचट असतो. सात-आठ आमसुलं अर्धा कप कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून कुस्करा, गाळा, त्यात अर्धा डबा दूध आणि तेवढंच पाणी. लसूण, मिरची, मीठ. गरम करू नका, फुटते. उरलेलं दूध डब्यातच न ठेवता झाकणाच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी भाजीत घाला.

शेगडीच नसेल त्या रात्री दडपे पोहे. कांदा, टोमॅटो, काकडी बारीक चिरून मीठ आणि लिंबू चोळायचं, त्याला सुटलेल्या पाण्यात पातळ पोहे मिसळून वर झाकण दाबून वीस मिनिटं ठेवायचे. वरून कोरडी फोडणी आणि शेंगदाणे. ट्रेनच्या प्रवासातही हे डब्यात नेता येतं. सकाळी नाचणीचं सत्त्व दुधात शिजवावं, केटलच असेल तर उकळतं पाणी हळूहळू ओतत ढवळून झाकून ठेवावं. मेतकूट गरम भातावर, किंवा दह्यात कालवून पावाला लावून.

आमसुलं संपली तर दक्षिणपूर्व आशियात चिंच मिळते. मलेशियात आसाम केपिंग आणि श्रीलंकेत गोरका नावाचे वाळवलेले आंबट काप मिळतात, दोन्ही कोकमाच्याच कुळातली फळं. बाजारात बघून लगेच ओळख पटते. थायलंडच्या बाजारात बांबूच्या छोट्या टोपल्यांत माना वाकवून बसवलेले, वाफवलेले लहान बांगडे दिसतील. ते घ्या, तव्यावर परता, भाताबरोबर खा. आपल्या बांगड्याला इतकं जवळचं मला बाहेर दुसरं काही मिळालं नाही.

दुपारचं बाहेरचं जेवण

बहुतेक देशांत दुपारी तेच हॉटेल रात्रीपेक्षा स्वस्त जेवू घालतं. स्पेनमध्ये कामाच्या दिवशी दुपारी ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी मिळते. पोर्तुगालमध्ये दिवसाचं ताट असतं. तिथे टेबलावर आणून ठेवलेला पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसतं, खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर बसल्याबसल्याच परत न्यायला सांगा. इटलीत बऱ्याच ठिकाणी माणशी बसण्याचा आकार लागतो, आणि कॉफी काउंटरपाशी उभ्याने घेतली तर स्वस्त पडते. जर्मनीत विद्यापीठांच्या भोजनालयांत बाहेरच्यांनाही बऱ्याचदा थोड्या जास्त दराने जेवता येतं.

व्हिएतनाममध्ये कामगारांच्या खानावळीत काचेआडच्या भाज्या-माशांकडे बोट दाखवून ताट भरून घ्यायचं. सिंगापूरमध्ये हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांची जागा, शोधा; डिसेंबर २०२० मध्ये तिथली ही खाद्यसंस्कृती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. तिथेही भात आणि वर दोन-तीन भाज्या हे ताट सगळ्यात स्वस्त. श्रीलंकेत भात आणि चार-पाच भाज्यांचं जेवण दुपारीच चांगलं मिळतं, रात्री त्या जागा आप्पम आणि कोट्टू (तव्यावर चिरून परतलेली रोटी) यांवर जातात. नेपाळात दाल-भातावर भात-डाळ पुन्हा वाढतात, चालणाऱ्याला तेच परवडतं.

गुरुद्वाऱ्यातला लंगर लंडनच्या साउथॉलपासून बँकॉकच्या पाहुरतपर्यंत सगळ्यांना खुला आहे. डोकं झाकून, पाय धुऊन जा, मांडी घालून जेवा आणि उठल्यावर भांडी घासायला उभे राहा. पैसे वाचवायला रोजची सोय म्हणून मात्र त्याकडे बघू नका, ती जागा तशी नाही.

पोट बिघडलं तर

गरमागरम, डोळ्यांसमोर केलेलं आणि गर्दीच्या ठिकाणचं खाल्लं तर सहसा त्रास होत नाही. कापून ठेवलेली फळं आणि नळाच्या पाण्याबद्दल खात्री नसलेल्या देशातला बर्फ टाळा. तरीही बिघडलं, तर ओआरएसची पाकिटं घरून नेलेली असू द्या. मूठभर तांदूळ सहापट पाण्यात फुटेपर्यंत शिजवून त्याची पेज मीठ घालून थोडी थोडी प्यायची, दोन वेळा काहीच तिखट नाही. मग पेजेत मेतकूट, मग मऊ भात. ताप आला, शौचात रक्त दिसलं किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरकडे जा. प्रवास विम्याचा कागद आणि त्यावरचा मदतीचा फोन नंबर निघायच्या आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. कारण बरेच विमे रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी किंवा लगेचच त्यांना कळवायला सांगतात.